खडूचा गोल

ड्रम बद्द वाजला, आणि इनागाकीसाहेबांनी त्यावर खडूनं गोल काढला.

मांडवात टाळ्या पडल्या. मालकांनी, म्हणजे आमच्या तात्यासाहेबांनी, साहेबांच्या गळ्यात झेंडूचा दुसरा हार घातला. फोटोवाल्यानं साहेबांना ड्रमवर हात ठेवायला लावून तीन फोटो काढले. मी हळदकुंकवाचं ताट धरून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. आधी वाटलं, आपल्याच कानात काही गेलं असेल. पण त्या दिवशी खंडेनवमी होती. भट्टी बंद, पंखे बंद, कॉम्प्रेसर बंद. यंत्रांची पूजा असल्यानं वर्षातून त्या एकाच दिवशी आमची शेड इतकी गप्प असते. हातोडीचा ठोका पडला होता आणि ड्रमनं दिलेला आवाज मी स्वच्छ ऐकला होता.

या गोष्टीला आता सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. किती लोकांना किती वेळा सांगितली, त्याचा हिशोब नाही. सांगून सांगून तोंड शिणलं, पण शेवटचा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

कोल्हापूरजवळ आमचा ओतकामाचा कारखाना. बस आणि ट्रकच्या ब्रेकचे बिडाचे ड्रम आम्ही ओततो. ड्रम ओतून, घासून झाला की टेबलावर येतो आणि तिथं एक माणूस त्याला लहान हातोडीनं टिचकी मारून ऐकतो. ड्रम निर्दोष असेल तर देवळातल्या घंटेसारखा घुमतो. आत केसाएवढी चीर असेल, तर ती डोळ्याला दिसत नाही, पण आवाज लपवत नाही. बाजारात बाई माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघते ना, तसंच. तो टेबलावरचा माणूस म्हणजे मी, रंगराव आरेकर.

मला तिथं उभं केलं ते इनागाकीसाहेबांनी. चौऱ्याऐंशी साली जपानच्या कंपनीशी आमचा करार झाला, तेव्हा हा बुटका, निळ्या कपड्यातला इंजिनिअर दोन वर्षांसाठी आला. नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पोरांनी त्यांना इनामदारसाहेब करून टाकलं. एकदा कारखान्यातला पाण्याचा माठ फुटला. मी तेव्हा वाळू कालवायच्या कामावर होतो. आमचं घराणं कुंभाराचं, म्हणून मलाच नवा माठ आणायला पाठवलं. हातगाडीवाला दारात आला होता. मी तीन माठ वाजवून बाजूला सारले आणि चौथा घेतला. साहेब मागं उभे राहून बघत होते, हे मला ठाऊकही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि हातोडी दिली.

चार महिने त्यांनी माझ्या डोळ्यांवर फडकं बांधून मला ड्रम वाजवायला लावले. चुकलो की एकच शब्द, "पुन्हा." त्यांना मोडकंतोडकं मराठी येत होतं, तेही आमच्या पोरांकडून शिकलेलं. बद्द ड्रम आला की मान हलवून म्हणायचे, "आवाज खोटा हाय." पास झालेल्या ड्रमवर खडूनं गोल काढायचा, नापासावर फुली, ही रीत त्यांचीच. आपल्याकडं गोल म्हणजे भोपळा, त्यांच्याकडं गोल म्हणजे शाबासकी. आम्ही हसलो तेव्हा तेही हसले, पण गोल बदलला नाही. ते गोल खालून सुरू करायचे आणि खालीच आणून मिटवायचे. मीही तसाच काढायला लागलो.

नियम त्यांनी दोनच घातले. ज्यानं ऐकलं त्यानं बोलायचं, समोर मालक असला तरी. आणि खूण ज्याची, पुसायची त्यानंच. दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही.

दोन वर्षांनी ते गेले. जपानहून कंपनीचं मासिक यायचं. त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण फोटो कळायचे. एका अंकात इनागाकीसाहेब निळ्या कपड्यात, पुढच्या वर्षी टाय लावलेले, मग मोठ्या टेबलामागं बसलेले, मग आणखी मोठ्या टेबलामागं. आमचे फोरमन शिकलगार मिस्त्री ते फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे आणि म्हणायचे, "आपला इनामदार कुटल्या कुटं गेला बघा." आम्हाला अभिमान वाटायचा. त्यांच्या वर जाण्यात आपलाही हात असल्यासारखं वाटायचं.

आणि त्या खंडेनवमीला ते आले. बारा वर्षांनी. नव्या लाईनच्या उद्घाटनाला, कंपनीच्या संचालकांतले एक होऊन. कोट, पांढरे केस, आणि डोळ्यांखाली असा काळा थकवा की आजारातून उठून आलेत की काय असं वाटावं. गाडीतून उतरल्यावर माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "रंगा. हातोडी बरी हाय?"

"बरी हाय साहेब. तुमी कसं हाय?"

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "बरा." मला वाटलं, मराठी विसरले असतील. सकाळी त्यांना सगळा कारखाना दाखवला. पूर्वी वाटेत दिसेल त्या ड्रमला टिचकी मारल्याशिवाय न जाणारा माणूस हात मागं बांधून चालत होता. मी मनात म्हटलं, मोठ्या माणसांना हे शोभतं.

पूजेनंतर तात्यासाहेबांनी जाहीर केलं की नव्या लाईनवरचा एक नंबरचा ड्रम साहेब स्वतः तपासतील. साहेबांनी दोनदा हात हलवून नको म्हटलं. ते विनयानं नको म्हणताहेत असं सगळ्यांना वाटलं, आणि टाळ्या आणखी वाढल्या. मग त्यांनी हातोडी घेतली.

पुढचं सांगितलंच. ड्रम बद्द वाजला, आणि गोल काढला.

साधी गोष्ट असती तर मी गपचूप विसरलो असतो. पण त्या ड्रमची पुढची वाट ठरलेली होती. बस बांधणाऱ्या एका कंपनीला तात्यासाहेबांनी शब्द दिला होता की नव्या लाईनचा पहिला नग, साहेबांच्या हातचा, त्यांच्या नव्या बसला बसेल. हार घातलेला ड्रम त्यांनी माझ्यादेखत ट्रकच्या केबिनमध्ये ठेवून घेतला. ट्रक चारला सुटणार होता आणि साहेब तीनला पुण्याला निघणार होते. साहेबांचा गोल असलेला ड्रम पुढं पुन्हा कोण वाजवून बघणार? तो बसला लागणार, बस गगनबावड्याचा घाट उतरणार, आणि तापलेल्या ड्रममधली चीर एक दिवस उघडणार, एवढं मला कळत होतं.

शिकलगार मिस्त्री मांडवामागं नारळाचे तुकडे करत बसले होते. मी जवळ जाऊन उकिडवा बसलो.

"मिस्त्री, ऐकलं न्हवं?"

"ऐकलं."

"बद्द हाय."

"हाय. तू ऐकलास, मी ऐकला. आता जेवाय जा."

"साहेबांनी गोल काढलाय की त्यावर!"

"म्हनून तर म्हंतोय, जेवाय जा." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "चारशे मानसांनी टाळ्या वाजवल्या. आता तू जाऊन तात्यांना सांगनार, का साहेब चुकलं म्हनून?"

"मग बदलून टाकू. दुसरा ठेवू केबिनीत."

"एक नंबरचा पंच हाय त्येच्यावर, आनि फोटोबी निघालाय. दुसरा एक नंबर कुटनं आनतोस? आनि खूण ज्याची त्यानं पुसायची, ह्ये तुला कुनी शिकवलं? मी का त्यांनी?"

खोबरं मी हातातच धरून बसलो. नोकरीची भीती नव्हती असं नाही. दोन मुली शाळेत होत्या. पण खरं सांगतो, त्याहून दुसरंच जास्त लागत होतं. ज्या माणसानं मला ऐकायला शिकवलं तो इतका उघड आवाज ओळखायला चुकला, हे मला सोसवत नव्हतं. मी मलाच समजावत राहिलो, की कदाचित बरोबर असेल, कदाचित नव्या लाईनच्या बिडाचा आवाजच तसा असेल. मांडवात जिलेबी वाढत होते. घड्याळात दोन वाजून गेले.

अखेर उठलो आणि मालकांच्या केबिनशेजारच्या खोलीकडं गेलो. जेवण झाल्यावर साहेबांना तिथं आडवं व्हायला सोय केली होती. दार वाजवलं. आतून काही नाही. पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा नुसतंच ढकललं.

साहेब खुर्चीत बसले होते. बूट काढलेले, पावलं सुजलेली. दोन्ही हार घडी करून टेबलावर ठेवले होते. मला बघून दचकले, मग हसले.

"रंगा. बस."

"बसत न्हाई साहेब. एक बोलायचं हाय."

"बोल."

"सकाळचा ड्रम. एक नंबरचा." मी त्यांच्यासारखी मान हलवली. "आवाज खोटा हाय, साहेब."

ते नुसते माझ्या ओठांकडं बघत होते. मला वाटलं, संतापले. मी मान खाली घातली, तर त्यांनी हात पुढं करून माझी हनुवटी वर केली.

"तोंड वर ठेव. पुन्हा बोल."

"ड्रम बद्द हाय साहेब. चीर हाय आत."

तेव्हा त्यांनी डोळे मिटले.  बाहेर बँडवाले पैशावरून भांडत होते, तो आवाज खोलीत येत होता.

"सात वर्ष," ते म्हणाले. आपला कान बोटानं दाखवून म्हणाले, "भांडन ऐकतो. तुझं ऐकतो, तोंड दिसलं की. ड्रम न्हाई. ड्रमचा आवाज सात वर्ष झाली, न्हाई."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी न विचारता समोरच्या खुर्चीत बसलो.

"मग ह्ये सगळं?" मी त्यांच्या कोटाकडं, टायकडं हात केला. "येवढं मोठं साहेब झाला तुमी..."

ते हसले. इतकं दमलेलं हसू मी कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

"शेडमध्ये काय करू? ऐकू येईना. इंजिनिअर, आणि ऐकू येईना. कुनाला सांगायची लाज. कंपनी म्हनाली, ऑफिसात ये. मी पटकन व्हय म्हनालो. मग आणखी वर ये म्हनाली. व्हय म्हनालो. वर कुनी ड्रम वाजवायला सांगत न्हाई." त्यांनी पाय चोळले. "आज सांगितलं."

कपाटाच्या दारावरचे ते सगळे फोटो माझ्या डोळ्यांपुढून गेले. आम्ही प्रत्येकाला हळदकुंकू लावायचंच बाकी ठेवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तू तिथं का न्हाई बोलला?"

मी म्हटलं, "तुमच्या गळ्यात हार होता, साहेब."

"मी काय शिकवलं?"

"ज्यानं ऐकलं त्यानं बोलायचं."

"समोर?"

"समोर मालक असला तरी."

"आज सकाळी नापास," ते म्हणाले. "तू पन. मी पन." आणि वाकून बूट घालायला लागले.  नाडी मी बांधू का म्हटलं, तर नको म्हणाले.

ट्रकपाशी तात्यासाहेब, ड्रायव्हर, शिकलगार मिस्त्री आणि पन्नासेक माणसं होती. साहेबांची गाडीही तिथंच लागली होती. निरोपाला आले असं समजून तात्यासाहेब हात जोडून पुढं झाले. साहेबांनी केबिनकडं बोट करून ड्रम खाली काढायला लावला. हार बाजूला केला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "फडकं. ओलं."

मी टेबलावरचं फडकं भिजवून आणलं. साहेबांनी सगळ्यांसमोर, कोटाच्या बाह्या मागं सारून, आपला गोल पुसला. नुसता फिरवला नाही, बिडाचा काळा रंग वर येईपर्यंत घासला.

"साहेब, काय झालं? काय झालं?" तात्यासाहेब कासावीस झाले. "फोटो निघालेत साहेब."

"मला ऐकू येत न्हाई," साहेब मराठीत म्हणाले.

"गर्दीत होतं साहेब असं. बँड होता, मानसं होती..."

"गर्दी न्हाई. कान." त्यांनी दोन्ही कानांना हात लावून दाखवलं, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. "सात वर्ष. खराब."

 तात्यासाहेबांना कुठं बघावं कळेना. शिकलगार मिस्त्री तेवढे टोपी काढून उभे राहिले. साहेबांनी खिशातून खडू काढला आणि माझ्यापुढं धरला. मी हातोडी घेतली, ठोका दिला. त्या मोकळ्या अंगणात ड्रम असा बद्द वाजला की ट्रकच्या ड्रायव्हरनंही तोंड वाकडं केलं. मी फुली काढली.

"खूण तुझी," साहेब म्हणाले. मग गाडीत बसले. काच खाली घेतली नाही.

पुढच्या वर्षी मासिकात त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्याच माणसाचा फोटो आला. पत्र वगैरे काही आलं नाही. शिकलगार मिस्त्रींनी नवा फोटो कापला नाही, जुने काढलेही नाहीत.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगत आलो. हातोडीच्या टेबलावर नवा माणूस आला की त्याला खंडेनवमीला ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकावीच लागे. आनंदा खोत नावाचा माझा जोडीदार बारा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता. त्याला तर ती तोंडपाठ होती. मी थकलो की तोच पुढचं सांगायचा. एव्हाना मला सगळे वस्ताद म्हणू लागले होते. खंडेनवमीला माझ्या टेबलालाही हार पडायचा.

त्या खंडेनवमीनंतर तेरा-चौदा वर्षांनी, दिवाळीच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत मी हात धुवायला भट्टीमागच्या नळावर गेलो. नेहमीच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून तिकडं गेलो. पुन्हा वितळवायचं बीड तिथं टाकतात. त्या ढिगामागं गोणपाट टाकून काहीतरी नीट रचून ठेवलेलं दिसलं. मी गोणपाट उचललं.

ड्रम होते. प्रत्येकावर खडूचा गोल. खालून सुरू केलेला आणि खालीच आणून मिटवलेला. तसा गोल कारखान्यात एकच माणूस काढत होता. कुणी तो पुसला नव्हता, कुणी त्यावर फुली मारली नव्हती. मी हातोडी आणून एक वाजवला, दुसरा वाजवला. मला दोन्ही चांगले वाटले. खरं म्हणजे मला कसलेच वाटले नाहीत. बऱ्याच महिन्यांपासून मी हातोडी मारत होतो आणि जो आवाज यायला हवा तो मनातच ऐकत होतो.

मागं आनंदा येऊन उभा होता. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. चोरी त्याची नव्हतीच.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापास्नं, वस्ताद."

"माझ्या मागनं सगळं पुन्हा वाजवता?"

"सांजचं, तुमी घरी गेल्यावर. पाळी लावून घेतलीया आमी. बद्द निगंल त्यो हितं ठेवतो, खूण तुमची म्हनून."

"आनि बोलला न्हाईस?"

आनंदानं खाली बघितलं. "तुमास्नी कसं बोलायचं, वस्ताद?"

मी त्याच्यावर ओरडणार होतो. बारा वर्षं गोष्ट ऐकलीस, पाठ केलीस, असं म्हणणार होतो. पण मलाही कधीतरी गळ्यातला हार दिसला होता आणि तोंड मिटलं होतं. ओरडायला जागाच नव्हती. त्यांनी माझा मान राखला होता, नियमही राखला होता, आणि चार-पाच माणसं रोज घरी उशिरा जात होती. मी मात्र सहा महिने ताठ मानेनं गोल काढत होतो. साहेबांना तीनच्या आत पुसता आला, तो माझ्याकडून सहा महिने पुसला गेला नाही.

"फडकं आन," मी म्हटलं. "ओलं."

सदतीस ड्रम होते. मी एकेकाजवळ बसून माझा गोल पुसत गेलो आणि खडू आनंदाच्या हातात दिला. मी पुसला की तो वाजवायचा आणि फुली काढायचा. गुडघे दुखत होते, पण थांबलो नाही. मध्येच आनंदानं माझ्या खांद्याला हात लावला आणि तोंड माझ्यासमोर आणून म्हणाला, "वस्ताद, सुट्टी संपल्याची घंटा मगाशीच झाली."